पुराणांची पृथ्वी, सिद्धांतांची पृथ्वी

पृथ्वी गोल आहे, हे भारतीय ज्योतिषांनी दीड हजार वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ते स्पष्ट शब्दांत मांडले आणि पुढच्या प्रमुख सिद्धांतग्रंथांपैकी, म्हणजे गणिती ज्योतिषाच्या ग्रंथांपैकी, एकानेही त्याला विरोध केला नाही. तरीही वाद मिटला नाही. पुराणे पूज्य होती, त्यांतली वचने प्रमाण मानली जात होती आणि त्या वचनांत पृथ्वी सपाट, विस्तीर्ण, द्वीपे आणि समुद्रांच्या वलयांनी वेढलेली होती. ग्रहण वर्तवायचे तर पृथ्वी गोल धरावी लागे. कथा सांगायची तर मेरू आणि शेष यांच्यावाचून चालत नसे. एकाच घरात, अनेकदा एकाच माणसाला, ही दोन्ही कामे करावी लागत. म्हणून खरा प्रश्न होता तो वचनांचा अर्थ कसा लावायचा हा. या प्रश्नाचा सगळ्यात सखोल विचार ज्या भागात झाला, त्यात आजच्या बीड आणि परभणी जिल्ह्यांमधून वाहणाऱ्या गोदावरीच्या दोन्ही काठांना मानाचे स्थान आहे.

पुराणांतील वर्णन

विष्णुपुराणाचा दुसरा अंश आणि भागवताचा पाचवा स्कंध यांत भूवर्णन विस्ताराने येते. मध्यभागी १ लक्ष योजने व्यासाचे जंबुद्वीप. त्याच्याभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, त्यापलीकडे दुप्पट विस्ताराचे दुसरे द्वीप, मग पुन्हा समुद्र. अशी सात द्वीपे आणि उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध व गोडे पाणी यांच्यासह सात समुद्र. सगळ्या भूमंडळाचा विस्तार ५० कोटी योजने. जंबुद्वीपाच्या मध्यावर सोन्याचा मेरू पर्वत. त्याची उंची ८४ हजार योजने, शिवाय १६ हजार योजने जमिनीखाली. सूर्य जमिनीपासून १ लक्ष योजने वर आणि चंद्र त्याच्याही वर तितकाच दूर. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि त्याच्याआड गेला की रात्र होते. हा सगळा भार शेषाच्या मस्तकावर. ग्रहणाचे कारण राहू.

हे वर्णन पोथीत बंद राहिलेले नाही. सत्यनारायणाच्या पूजेपासून वास्तुशांतीपर्यंत कोणत्याही कार्याच्या आरंभी गुरुजी संकल्प सांगतात. त्यात जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य असे करत यजमानाचे ठिकाण सांगितले जाते आणि शेवटी नदीचा काठ येतो. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत गोदावरीचा दक्षिण तीर म्हणतात. नदी ओलांडून पाथरीला गेले की उत्तर तीर. म्हणजे घरातला माणूस आजही आपला पत्ता पुराणांच्या नकाशावर सांगतो. याच संकल्पात येणारी तिथी आणि नक्षत्रे मात्र पंचांगातली असतात, आणि पंचांगाचे गणित गोल पृथ्वीवर उभे आहे. दोन विश्वचित्रे अशी एका वाक्यात शेजारी शेजारी नांदतात.

भास्कराचार्यांची चिकित्सा

पुराणवचनांची सर्वांत धारदार तपासणी भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात केली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपली माहिती दिली आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, ग्रंथ लिहिला तेव्हा वय ३६, म्हणजे इ. स. ११५०, पित्याचे नाव महेश्वर, गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. विजापूर, चाळीसगावजवळचे पाटण आणि बीड अशी तीन नावे प्रामुख्याने पुढे आली. पाटणच्या बाजूने तिथला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात असून तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. बीडच्या बाजूने नावातील साम्य आहे. शिवाय सतराव्या शतकातील टीकाकार मुनीश्वर हे गाव गोदावरीपासून फार दूर नसल्याचे सांगतो. निकाल कोणताही लागो, हा ग्रंथ यादवकाळाच्या उंबरठ्यावरील महाराष्ट्राच्या परिसरातला आहे.

भास्कराचार्य पहिला प्रश्न विचारतात तो रात्रीचा. पृथ्वी सपाट असेल आणि सूर्य तिच्यापासून फार उंच फिरत असेल, तर मेरूवरच्या देवांना तो सतत दिसावा आणि माणसांना दिसू नये, असे का? मेरूआड गेल्याने रात्र होते म्हणावे, तर मधे उभा असलेला सोन्याचा मेरू आपल्याला दिसत का नाही? मेरू उत्तरेला आहे. मग अर्धे वर्ष सूर्य पूर्वबिंदूच्या दक्षिणेला कसा उगवतो? हे तिन्ही प्रश्न कोणीही अंगणात उभे राहून पडताळून पाहावेत असे आहेत.

मग पृथ्वी सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग डोळ्यांना सरळच भासतो, हे त्यांचे उत्तर. पृथ्वी प्रचंड, माणूस अगदी लहान, म्हणून नजरेत येणारा तुकडा सपाट वाटतो.

आधाराच्या प्रश्नावरचा त्यांचा युक्तिवाद आणखी मूलगामी आहे. पृथ्वीला आधार हवा असेल तर त्या आधारालाही आधार हवा, त्यालाही आणखी एक, आणि ही साखळी संपणार नाही. कुठेतरी थांबून शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानायचेच असेल, तर ती शक्ती पहिल्यांदा पृथ्वीतच का मानू नये? पृथ्वी तर शिवाच्या आठ मूर्तींपैकी एक आहे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती पडल्यासारखी वाटते. चारी बाजूंनी सारख्याच असलेल्या आकाशात पृथ्वी स्वतः मात्र कुठे पडणार? पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे खाली का पडत नाहीत, ही शंकाही यातच मिटते. प्रत्येक जण आपण सरळ उभे आहोत असेच समजतो. गावे, डोंगर, झाडे, माणसे पृथ्वीच्या सगळ्या अंगांनी आहेत. कदंबाच्या फुलाच्या गोळ्यावर जसे सर्व बाजूंनी केसर असतात, तशी.

यावरून भास्कराचार्य पुराणांना सोडून गेले असे समजणे चूक ठरेल. त्यांनी पुराणांतली नावे ठेवली आणि त्यांच्या जागा गोलावर ठरवल्या. मेरू उत्तर ध्रुवावर, वडवानल दक्षिण ध्रुवावर, लंका विषुववृत्तावर. जंबुद्वीप म्हणजे उत्तर गोलार्ध, उरलेली द्वीपे आणि समुद्र दक्षिणेकडे. या मांडणीत पुराणांतले एक वचन तर अक्षरशः खरे ठरते. देवांचा एक अहोरात्र म्हणजे माणसांचे एक वर्ष, असे पुराणे सांगतात. देव मेरूवर राहतात आणि मेरू ध्रुवावर आहे, तर तिथे खरोखरच सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते. ग्रहणाबाबतही त्यांनी तोडगा काढला. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते हे गणित पक्के. ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत प्रवेश करतो, असे म्हटले की वचनही शाबूत राहते. अशा तडजोडीची परंपरा जुनी होती. इ. स. १०३० च्या सुमारास भारतविषयक ग्रंथ लिहिणाऱ्या अल्‌बिरुनीने ज्योतिषी ब्रह्मगुप्ताला राहूच्या प्रकरणात नेमका याबद्दलच दोष दिला होता.

बीड ते उज्जैन: एक पडताळा

पृथ्वीचा परीघ मोजायची रीत गोलाध्यायात दिली आहे. दक्षिणोत्तर एका रेषेवरची दोन गावे घ्यावीत, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढावा, अंतर मोजावे आणि त्रैराशिक मांडावे. भास्कराचार्यांनी परीघ ४,९६७ योजने आणि व्यास १,५८१ योजनांहून किंचित अधिक दिला आहे. विषुववृत्तापासून उज्जयिनी परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे, असे ते सांगतात; म्हणजे साडेबावीस अंश. आजचा आकडा २३ अंश ११ कला.

भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते. भास्कराचार्यांच्याच ‘करणकुतूहल’ या ११८३ च्या ग्रंथात तिच्यावरच्या गावांची यादी येते. तीत वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, याच्याबरोबर पर्यली हे नाव आहे आणि ते परळीशी जुळवले जाते. प्रत्यक्षात वाशीम आणि परळी या रेषेच्या काहीशा पूर्वेला आहेत. बीड शहराचे रेखांश मात्र सुमारे ७५ अंश ४६ कला आहेत आणि उज्जैनचेही जवळजवळ तेवढेच. त्यामुळे ही रीत तपासायला बीडसारखे सोयीचे ठिकाण सापडणे कठीण.

साधन साधे आहे. सपाट जागेवर १२ अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी, २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, भर माध्यान्ही त्याची सावली मोजायची. या सावलीला पलभा म्हणतात. बीडला ती ४ अंगुळांहून किंचित जास्त भरते, उज्जैनला ५ अंगुळांहून किंचित जास्त. पलभेवरून अक्षांश निघतात: बीड जवळपास १९ अंश, उज्जैन २३ अंशांच्या थोडे पुढे, फरक सुमारे ४.२ अंश. दोन शहरांमधले सरळ अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. ४.२ अंशांना ४६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर ३९,८५० किलोमीटरच्या आसपास येते. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा आधुनिक परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे.

हाच प्रयोग पुराणांतले आकडे धरून करून पाहता येतो. भास्कराचार्यांच्या मापाने बीड आणि उज्जैन यांच्यात सुमारे ५८ योजनांचे अंतर पडते. जमीन सपाट आणि सूर्य १ लक्ष योजने उंच असता, तर दोन्ही ठिकाणच्या सावल्यांत अंगुळाच्या शंभराव्या भागाइतकाही फरक पडला नसता. प्रत्यक्षात पूर्ण अंगुळाचा फरक पडतो. वचनाचा शब्दशः अर्थ कुठे टिकत नाही, हे एका काठीच्या सावलीने दाखवता येते.

पाथरीचे ज्ञानराज

भास्कराचार्यांनंतर साडेतीनशे वर्षांनी गोदावरीच्या उत्तर तीरावरून वेगळा सूर उमटला. पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी, येथील ज्ञानराज यांनी इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ लिहिला. भास्कराचार्यांनंतर त्या तोडीचा सर्वांगीण सिद्धांतग्रंथ बराच काळ झाला नव्हता. ज्ञानराजांचे पुत्र सूर्यदास यांनी पुढे लीलावती आणि बीजगणित या ग्रंथांवर टीका लिहिल्या. सरळ वाचले की रामकथा आणि उलट वाचले की कृष्णकथा सांगणारे काव्यही त्यांच्या नावावर आहे.

ज्ञानराज पृथ्वी गोलच मानतात आणि त्यांचे ग्रहगणित जुन्या सिद्धांतपरंपरेतलेच आहे. पुराणवचनांना मात्र ते भास्कराचार्यांपेक्षा अधिक मान देतात. पृथ्वीला आधार नाही, हे त्यांना पटत नाही. त्यांचा युक्तिवाद असा: अल्प बळाचे गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकते, मग अचिंत्य सामर्थ्याचा कूर्मरूपी देव कल्पभर आकाशात पृथ्वी का धरू शकणार नाही? साखळी अनंत होते, या आक्षेपाला त्यांचे उत्तर हेच, की उडणाऱ्या पक्ष्याला खाली टेकू लागत नाही. आकार गणिताकडून घ्यायचा आणि आधार वचनाकडून, अशी ही वाटणी आहे. पलभा किंवा ग्रहण यांच्या उत्तरात तिच्याने काहीच बदलत नाही, म्हणूनच ती ज्योतिषाला परवडते.

सतराव्या शतकात महाभारताचे प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर याही पुढे गेले. त्यांचे घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे, कर्मभूमी काशी. सौर मत, म्हणजे सिद्धांतांचे मत, आणि पौराणिक मत यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांची निष्ठा पुराणांशी होती, आणि सिद्धांतांचे निष्कर्ष पुराणांच्या चौकटीत बसवण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

हिब्रू शास्त्राची समांतर वाट

हाच पेच हिब्रू शास्त्राच्या वाचकांपुढेही होता. ज्यू लोकांच्या तनाखमध्ये, ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्यात, पृथ्वीच्या आकाराचा पद्धतशीर अध्याय नाही. काव्यात आणि स्तोत्रांत विखुरलेले शब्द आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आकाशासाठी येणारा ‘राकिया’ हा शब्द ठोकून पसरवलेल्या पत्र्याच्या कल्पनेशी जोडलेला आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पृथ्वीला खांब आहेत, तर ईयोबाच्या पुस्तकात ती कशावरही टांगलेली नाही. यशया एका ठिकाणी पृथ्वीच्या चार टोकांबद्दल बोलतो आणि चाळिसाव्या अध्यायात पृथ्वीच्या ‘हूग’बद्दल. हूग म्हणजे वर्तुळ. त्याच धातूपासून कंपासाचे नाव झाले आहे. आधुनिक काळात अनेकांनी या एका शब्दावरून यशयाला पृथ्वीचा गोल ठाऊक होता असे ठरवले. हिब्रूत चेंडूसाठी वेगळा शब्द आहे आणि तो याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात येतो. म्हणून बहुतेक अभ्यासक हूगचा अर्थ क्षितिजाचे वर्तुळ असा घेतात.

तलमूद या ज्यू धर्मग्रंथात एक उल्लेखनीय चर्चा आहे. सूर्य रात्री आकाशाच्या कवचामागून जातो, असे इस्राएलचे पंडित म्हणत. तो पृथ्वीखालून जातो, असे परकीय पंडित म्हणत. रब्बी यहुदा हनासी यांनी परकीयांचे म्हणणे अधिक पटते असे सांगितले आणि कारण दिले ते विहिरी-झऱ्यांच्या पाण्याचे: ते दिवसा थंड आणि रात्री कोमट लागते. कारण आज चुकीचे वाटले, तरी पडताळ्याने निवाडा करण्याची वृत्ती ओळखीची आहे. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी याला तत्त्वाचे रूप दिले. जुन्या पंडितांची खगोलविषयक मते प्रेषितांकडून आलेली नसून त्यांच्या काळच्या ज्ञानावर आधारलेली होती, असे त्यांनी ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या ग्रंथात लिहिले. शास्त्र माणसांच्या भाषेत बोलते, हे सूत्र ते आणि त्यांच्या आधीचे अब्राहम इब्न एझ्रा दोघेही वापरतात. या इब्न एझ्रा यांचा भारतीय ज्योतिषाशी थेट धागा आहे. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेवर रचलेल्या अल्‌ख्वारिझ्मीच्या कोष्टकांवरील एका अरबी टीकेचे त्यांनी ११६० मध्ये हिब्रूत भाषांतर केले. भास्कराचार्यांचा ग्रंथ तेव्हा दहा वर्षांचा होता.

एकोणिसावे शतक

इंग्रजी अमदानीत जुना वाद नव्या प्रतिपक्षासह उभा राहिला. मिशनऱ्यांनी दुधाच्या आणि तुपाच्या समुद्रांवरून पुराणांवर टीका चालवली. बीडच्या पश्चिमेला असलेले अहमदनगर हे अमेरिकन मिशनचे मोठे केंद्र होते आणि १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी वेगळा रस्ता धरला. शाळांत आधी भारतीय सिद्धांत शिकवावेत, त्यांच्या आधाराने सपाट पृथ्वीची समजूत दूर करावी आणि मग कोपर्निकसकडे जावे, असे त्यांचे मत होते. सिहोरच्या पाठशाळेतील त्यांचे सहकारी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ मराठीत लिहून पौराणिक, सैद्धांतिक आणि कोपर्निकसचे मत ओळीने तपासले. त्याला यज्ञेश्वर शास्त्री यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून उत्तर दिले: पुराण आणि ज्योतिष यांत विरोध नाहीच, हा त्यांचा पक्ष. सुबाजी बापूंनी त्याचेही खंडन केले. पुढे गोलाध्यायाचा विल्किन्सनकृत इंग्रजी अनुवाद त्यांचेच विद्यार्थी, मराठी घराण्यातील बापूदेव शास्त्री यांनी तपासला आणि तो १८६१ मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने या सगळ्या परंपरेचा इतिहास मराठीत सिद्ध केला.

याच काळात पुराणकथन आणि हिब्रू शास्त्र यांची गाठ एका मराठी आयुष्यात पडली. पंडिता रमाबाई पुराणिक घराण्यातल्या. लहानपणी आईवडिलांबरोबर गावोगाव पुराणे वाचत फिरल्या. उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

अर्थ लावण्याच्या तीन रीती

या इतिहासात वचनांचा अर्थ लावण्याच्या तीन रीती दिसतात. पहिली रीत अविरोधाची: वचन पूर्ण खरे, निरीक्षणाने त्यात बसायचे. नीलकंठ आणि यज्ञेश्वर या बाजूचे. दुसरी समन्वयाची: मोजता येते ते गणिताकडून घ्यायचे, मोजता येत नाही ते वचनाकडे ठेवायचे. ज्ञानराज इथे येतात आणि राहूच्या प्रकरणात भास्कराचार्यही. तिसरी मैमोनिदीस यांची: वचन त्याच्या काळाच्या भाषेत बोलते, त्याचे प्रयोजन धर्माचे आहे आणि भूगोलासाठी ते साक्षीला बोलवू नये.

आजचे वाचक चौथ्याच वाटेने जाताना दिसतात. ‘भूगोल’ या शब्दात गोल आहे, वराहाच्या मूर्तीत पृथ्वी चेंडूसारखी कोरली आहे, यशयाने वर्तुळ म्हटले आहे. तेव्हा प्राचीनांना सगळे माहीत होते, असे त्यांचे म्हणणे असते. ही वाट वचनावर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करते. विष्णुपुराणाचा दुसरा अंश पूर्ण वाचला तर सपाट द्वीपे आणि वलयाकार समुद्र यांतून गोल पृथ्वी निघत नाही. आणि ज्यांनी ती गणिताने सिद्ध केली, त्या आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांचे श्रेय एका शब्दाच्या खात्यावर जमा होते. भास्कराचार्यांनी पुराणवचनाला प्रश्न विचारले, उत्तरे सावलीवरून आणि सूर्योदयाच्या दिशेवरून घेतली, आणि त्यानंतरच त्या वचनातले जे टिकले त्याला गोलावर जागा दिली. वचनाचा अर्थ आणि पृथ्वीचा आकार हे दोन वेगळे शोध आहेत: पहिल्यासाठी ग्रंथ पूर्ण आणि त्याच्या काळात ठेवून वाचावा लागतो, दुसऱ्यासाठी १२ अंगुळांचा शंकू पुरतो.